पाणसळ उलटी करून पाहा

तुमच्या गावात कोठे नवे घर बांधले जात असेल, तर शाळा सुटल्यावर थोडा वेळ तेथे जाऊन उभे राहा. गवंड्याच्या हाताशी थापी असेल, ओळंबा असेल, गुण्या असेल आणि एक लांबट पट्टी असेल. त्या पट्टीच्या मध्यभागी पिवळट-हिरव्या द्रवाची एक छोटी नळी बसवलेली असते. नळीत एक बुडबुडा असतो. विटांचा थर झाला की गवंडी ती पट्टी थरावर ठेवतो, बुडबुडा दोन रेघांच्या मध्ये आला की नाही ते पाहतो आणि पुढच्या कामाला लागतो. या पट्टीला मराठीत पाणसळ असे छान नाव आहे. आता मात्र बांधकामावर सगळे तिला ‘लेव्हल’च म्हणतात.

मला तुम्हाला एवढेच विचारायचे आहे : भिंतीची परीक्षा पाणसळ घेते; मग पाणसळीची परीक्षा कोण घेते ?

हा प्रश्न मला पुस्तक वाचून सुचलेला नाही. तो आमच्या घराच्या ओसरीने मला शिकवला. आमचे घर मंद्रूपचे. सोलापूरहून विजयपूरकडे (पूर्वीचे विजापूर) जाताना लागणारे, दक्षिण सोलापूर तालुक्यातले हे मोठे गाव. आमचे जुने धाब्याचे घर उतरवून नवे बांधले, तेव्हा मी शाळेत होतो. मागच्या बाजूला दहा मीटर लांबीची ओसरी काढली होती. ज्वारीची पोती तेथेच रचायची, असे आईने आधीच ठरवून ठेवले होते. काम चालू असताना गवंडीमामांची पाणसळ फुटली, तेव्हा वडिलांनी, म्हणजे अण्णांनी, बाजारातून स्वतः एक नवी आणून दिली. दिसायला चकचकीत, आणि किमतीला बरीच कमी.

पहिल्या मोठ्या पावसाची झड ओसरीत आली आणि सगळे पाणी वाहत जाऊन उजव्या कोपऱ्यात साचले. पोती खालून भिजली. सुतळी लावून मोजले, तर दहा मीटरांत तो कोपरा जवळजवळ तीन सेंटीमीटर खाली ! अण्णा संतापले. पाया मुरमापर्यंत नेलेला होता, तेव्हा काळ्या मातीवर दोष ढकलायला जागा नव्हती. दोष गवंड्याचाच, असे ठरले आणि त्यांच्या शेवटच्या हप्त्यातून पैसे कापले गेले. गवंडीमामा एवढेच म्हणाले, “अण्णा, बुडबुडा मधोमध हुता की. मी काय करू ?”

ते खरे बोलत होते. पण हे समजायला मला काही वर्षे लागली. मी विज्ञानाचा शिक्षक झालो, आणि एकदा मुलांना दाखवण्यासाठी घरातली तीच पाणसळ शाळेत नेली. टेबलावर ठेवली. तिच्या एका टोकाला टांगण्यासाठी भोक होते. ते टोक खिडकीकडे होते. बुडबुडा मध्यापासून २ मि.मी. खिडकीकडे सरकलेला दिसला. टेबल तिकडून उंच असेल, असे कोणीही म्हणेल, कारण बुडबुडा नेहमी उंच बाजूकडे जातो. मग सहज म्हणून मी पाणसळ उचलली, फिरवली आणि त्याच जागी उलट तोंडाने ठेवली. आता भोक दाराकडे आले. टेबल तेच, जागा तीच. म्हणजे बुडबुडा पुन्हा खिडकीकडेच २ मि.मी. दिसायला हवा होता. तो दिसला दाराकडे, आणि तोही ४ मि.मी. !

टेबल काही दोन्ही बाजूंनी उंच असू शकत नाही. तेव्हा खोटे कोण बोलत होते हे उघड झाले. किती खोटे, तेही याच दोन आकड्यांत दडलेले आहे. दोन्ही वेळच्या जागांमध्ये अंतर पडले २ अधिक ४, म्हणजे ६ मि.मी. त्याचे निम्मे ३ मि.मी. ही पाणसळीची चूक. ही चूक वजा केली की टेबलाचा खरा कल उरतो : १ मि.मी., दाराकडे. गंमत पाहा, वाकड्या टेबलावर खोटी पाणसळ ठेवली आणि दोघांचेही दोष आपल्याला वेगवेगळे करून मिळाले. सपाट फरशी नको, दुसरी अचूक पाणसळ नको, प्रयोगशाळा नको. फक्त उलटी करून पाहायची.

पुढे आम्ही पाणसळीच्या एका टोकाखाली पोस्टकार्डाचे तुकडे एकावर एक सरकवत गेलो. बुडबुडा ३ मि.मी. हलायला जेवढे तुकडे लागले, त्यांची जाडी वर्नियर कॅलिपरने मोजली. ती १.८ मि.मी. भरली. पाणसळ ६० सें.मी. लांबीची. म्हणजे मीटरला ३ मि.मी. आणि ओसरी दहा मीटरांची. गुणाकार तुम्हीच करा.

तुम्ही विचाराल, चुका कधी इकडे, कधी तिकडे होऊन आपोआप फिटल्या कशा नाहीत ? याचे उत्तर त्या भोकात आहे. गवंडीमामा उजवे होते. पाणसळ उचलताना भोकाचे टोक दर वेळी त्यांच्या उजव्या हाताला येई. त्यामुळे प्रत्येक टप्प्यावर चूक एकाच दिशेने पडत गेली आणि साचत गेली. दर टप्प्याला त्यांनी पट्टी नुसती उलटसुलट धरली असती, तर त्याच खोट्या पाणसळीने ओसरी जवळजवळ सपाट झाली असती. संध्याकाळी मी हे सगळे अण्णांना करून दाखवले. ते बराच वेळ काही बोलले नाहीत. दुसऱ्या दिवशी कापलेले पैसे घेऊन ते गवंडीमामांच्या घरी गेले. मामा म्हणाले, “पैशाचं ऱ्हाऊ द्या अण्णा, तेवढं गावात सांगा.”

म्हणूनच ‘पाणसळ कोणती चांगली ?’ असे मला कोणी विचारले, की मी कंपनीचे नाव सांगत नाही. या बाबतीत माझे मत जरा हट्टी आहे. जी पाणसळ उलटी केल्यावर बुडबुडा त्याच बाजूला, तेवढाच दाखवते, ती चांगली. उरलेल्या गोष्टी त्यानंतर.

पण त्या उरलेल्या गोष्टीही समजून घेण्यासारख्या आहेत, कारण त्यांत बरेच विज्ञान आहे. नळी सरळ दिसते खरी, पण आतून ती सरळ नसते. तिची वरची बाजू किंचित कमानदार असते, एखाद्या मोठ्या वर्तुळाच्या कंसासारखी. सरळ नळी असती, तर नावापुरत्या कलानेही बुडबुडा धावत एका टोकाला गेला असता. कमान असल्यामुळे तो कमानीच्या सर्वांत उंच बिंदूवर स्थिरावतो. कल बदलला की हा उंच बिंदू सरकतो. किती सरकतो हे त्या वर्तुळाच्या त्रिज्येवर अवलंबून असते. त्रिज्या ४ मीटर असेल, तर मीटरला अर्धा मि.मी. एवढ्या कलाने बुडबुडा २ मि.मी. हलतो, आणि एवढे डोळ्यांना सहज दिसते. आमच्या त्या स्वस्त पाणसळीची त्रिज्या, वरच्या आकड्यांवरून हिशेब केलात, तर एकच मीटर निघेल. तिच्यात एवढ्याच कलाला बुडबुडा अर्धा मि.मी. हलणार. तो कोणाला दिसणार ? यंत्रशाळेत लेथ बसवताना जी पाणसळ वापरतात, ती मीटरला ०.०२ मि.मी.चा फरक सांगते. तेवढ्या कलाने बुडबुडा २ मि.मी. हलावा असे वाटत असेल, तर त्रिज्या १०० मीटर हवी ! अशी पाणसळ गवंड्याच्या हाती दिली, तर बिचारा दिवसभर बुडबुडा थांबण्याची वाट पाहत बसेल. अधिक संवेदनशील ते अधिक चांगले, असे प्रत्येक ठिकाणी नसते. चांगल्या पाणसळीवर ‘०.५ मि.मी. प्रति मीटर’ असे काहीसे छापलेले असते. घरबांधणीला ते पुरेसे आहे. मात्र ते कारखान्यातून निघतानाचे वचन आहे. पाणसळ परातीवरून खाली पडली की ते वचन संपले, असे समजून पुन्हा परीक्षा घ्यायची.

लांबीचा विचार लोक फारसा करत नाहीत. खिशात मावणारी १० सें.मी.ची पाणसळ पाहायला गोंडस असते. तिच्या एका टोकाखाली वाळूचा अर्ध्या मि.मी.चा कण आला, तर ती मीटरला ५ मि.मी. खोटे सांगेल. तोच कण एक मीटर लांबीच्या पाणसळीखाली आला, तर चूक अर्ध्या मि.मी.ची. विटेच्या खरबरीत अंगावर लांब पट्टीच न्याय करू शकते. घरात फळी बसवायला ६० सें.मी. पुरे, भिंतीला मीटरभर हवी. धार सरळ आहे का हेही पाहावे. कागदावर धारेने रेघ ओढा, पट्टी पालथी करून तीच धार त्या रेघेला लावा आणि पुन्हा ओढा. दोन रेघांमध्ये फट दिसली, तर धार वाकडी. उभ्या कामाच्या नळीचेही तसेच. पट्टी भिंतीला चपटी टेकवून, बुडबुडा मध्ये आणून, एका धारेने उभी रेघ ओढायची. मग पट्टीची मागची बाजू पुढे करून तीच धार त्या रेघेला लावायची. बुडबुडा पुन्हा मध्ये यायला हवा. नाही आला, तर ओळंबा आहेच; त्याला फसवणे वाऱ्याखेरीज कोणाला जमत नाही.

नळी पट्टीत कशी बसवली आहे याबद्दल मतभेद आहेत. काहींत ती स्क्रूने बसवलेली असते, काहींत कायमची पक्की केलेली. बांधकामाला मी पक्की पसंत करतो. स्क्रू धक्क्यांनी ढिले होतात आणि कोणाच्या लक्षातही येत नाही. शाळेला मात्र स्क्रूची घ्यावी. मुलांना मुद्दाम बिघडवून पुन्हा नीट करायला मिळते !

आता नळीतल्या द्रवाविषयी. पाणसळ हे नाव पाण्यावरून आलेले असले, तरी नळीत पाणी नसते. मद्यार्क किंवा तशाच गुणांचा दुसरा द्रव असतो. मेलशिसेदेक तेव्हेनो या फ्रेंच विद्वानाने १६६१ च्या सुमारास बुडबुड्याची नळी सुचवली, तीही मद्यार्काचीच. त्याआधी हजारो वर्षे हे काम ओळंबा आणि उघडे पाणी करत असे. प्राचीन ईजिप्तमधले कारागीर तिकोनी लाकडी चौकटीच्या शेंड्यापासून ओळंबा सोडत; दोरी आडव्या दांडीच्या मध्यखुणेवर आली, की खालची जागा सपाट. मद्यार्काचा पृष्ठताण पाण्याच्या एक-तृतीयांशाच्या आसपास असतो, त्यामुळे बुडबुडा नळीला चिकटून राहत नाही. तो गोठतो शून्याखाली ११४ अंश सेल्सिअसला, म्हणजे हिमालयातही नळी फुटण्याची भीती नाही.

आमच्या सोलापूरकडे थंडीची भीती नाहीच, प्रश्न उन्हाचा आहे. तापल्यावर मद्यार्क पाण्याच्या सुमारे पाचपट फुगतो. जानेवारीतल्या पहाटेचे १२ अंश आणि मे महिन्यातल्या दुपारचे ४२ अंश यांत तो तीन टक्क्यांच्या आसपास वाढतो, आणि त्याला लागणारी जागा बुडबुड्यालाच सोडावी लागते. म्हणून उन्हाळ्यात बुडबुडा आखूड दिसतो, हिवाळ्यात लांब. त्याची टोके रेघांना टेकली की नाही हे पाहू नका; दोन्ही बाजूंना अंतर सारखे आहे का ते पाहा. आणखी एक. नळीचे एकच टोक तापले, तर बुडबुडा तापलेल्या टोकाकडे सरकतो. नळीवर बोट ठेवून तुम्ही हे करून पाहू शकता. जमिनीची मोजणी करणारे लोक आपल्या यंत्रावर छत्री धरतात. ऊन लागते यंत्राला, माणसाला नव्हे!

मोजणीचा विषय निघालाच आहे, तर हेही सांगतो. सोलापूरजवळच्या हिप्परग्याचा एकरुख तलाव १८७१ मध्ये पुरा झाला. अशा तलावाच्या किंवा उजनीसारख्या धरणाच्या कालव्याला मैलोगणती अगदी हलका उतार द्यावा लागतो. तेथे पाणसळीची पट्टी टप्प्याटप्प्याने नेणे शक्यच नाही. दुर्बिणीला जोडलेल्या बुडबुड्याने काम चालते. मोजणीदार यंत्र दोन पट्ट्यांच्या बरोबर मध्ये उभे करतो, एकदा मागे पाहतो, एकदा पुढे. यंत्र थोडे खोटे असले, तर दोन्हीकडे सारखेच खोटे सांगते आणि वजाबाकीत ती चूक निघून जाते. पृथ्वीच्या गोलाईमुळे एक किलोमीटरला सुमारे ८ सें.मी. फरक पडतो, तोही तसाच जातो. ओळखलेत ना ? ही आपली उलटी करण्याचीच युक्ती आहे.

ओसरीएवढ्या लांबीला मात्र मी पाणसळ नाकारून साधी पारदर्शक प्लॅस्टिकची नळी घेईन. तिच्यात पाणी भरा, दोन्ही टोके उघडी धरा. दोन्हीकडची पाण्याची पातळी एकच असणार. हे तुम्ही पुस्तकात परस्परजोडलेल्या भांड्यांच्या चित्रात पाहिले आहे. तिची चूक दोन-तीन मि.मी.ची असेल, पण ती लांबीबरोबर वाढत नाही. दहा मीटरांवर चांगली पाणसळही, एकाच बाजूने धरली तर, ५ मि.मी. चुकू शकते. शिवाय नळी भिंतीला वळसा घालून पलीकडच्या खोलीतही जाते. पाण्यात हवेचे फुगे राहू देऊ नका, एका टोकावर अंगठा विसरू नका, आणि अर्धी नळी उन्हात, अर्धी सावलीत ठेवू नका. बस्स.

“सर, आता हे सगळे मोबाइलवर असते,” असे माझे विद्यार्थी मला सांगतात. असते. मोबाइलमध्ये गुरुत्वाकर्षणाची दिशा ओळखणारा एक सूक्ष्म संवेदक असतो आणि पडद्यावर बुडबुड्याचे चित्रही येते. पण त्याची धार वीतभर, कडा गोलसर, पाठीवर कॅमेऱ्याचा उंचवटा. तो टेबलावर ठेवून उलटा करा आणि आकडे ताडून पाहा. लेसरची लाल रेघ भिंतीवर टाकणारी यंत्रेही आता आपल्या भागात दिसू लागली आहेत. त्यांची रेघ इतकी रुबाबदार असते, की शंका घ्यायचा धीर होत नाही. शंका घ्या. समोरच्या भिंतीवर खूण करा, यंत्र वळवून मागच्या भिंतीवर करा. मग यंत्र त्या दुसऱ्या भिंतीजवळ नेऊन उंची तिथल्या खुणेला जुळवा आणि पहिल्या भिंतीकडे पाहा. खूण जुळली नाही, तर आकड्यांचे काय करायचे ते तुम्हाला आता माहीत आहे.

काही गवंडी म्हणतात, आमची नजर तयार आहे, आम्हाला यंत्र कशाला ? त्यांच्या नजरेबद्दल मला आदर आहे. गिलाव्यातला फुगवटा त्यांना लांबून दिसतो, मला हात लावूनही कळत नाही. पण सपाटी ओळखताना नजर आजूबाजूच्या रेघांवर विसंबते, आणि त्या रेघाच कललेल्या असल्या तर ती फसते. लडाखमध्ये लेहजवळच्या ‘मॅग्नेटिक हिल’वर मोटारी आपोआप चढ चढतात असे भल्याभल्यांना वाटते, ते अशा फसगतीमुळेच, तो रस्ता प्रत्यक्षात उतरताच आहे.

शिक्षक बंधुभगिनींशीही एक शब्द बोलायचा आहे. आमच्या शाळांच्या कपाटांत सूक्ष्मदर्शक असतो, आणि तो बहुधा कुलपातच असतो. पाणसळ मात्र नसते. ज्या वर्गातली निम्मी मुले पुढे घर बांधतील किंवा बांधवून घेतील, त्या वर्गात तिची परीक्षा एका तासात शिकवता येते. चूक एका दिशेची असेल तर दिशा बदलून ती पकडायची, ही गोष्ट तराजूलाही लागू आहे : वस्तू आणि वजने यांची पारडी बदला. आमच्याकडे काळी माती आहे. ती पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात आकसून भेगाळते आणि वरचे बांधकाम हलवते. शाळेच्या एखाद्या खिडकीच्या तळाशी मे महिन्यात आणि पुन्हा ऑगस्टमध्ये, त्याच खुणांवर, दोन्ही बाजूंनी पाणसळ ठेवून वाचने तारखेसह वहीत लिहून ठेवायला काय हरकत आहे ? भिंत हलते आहे की नाही हे शाळेलाच कळेल.

दुकानात गेल्यावर लाजू नका. दोन-तीन पाणसळी मागा, काउंटरवर प्रत्येकीच्या टोकांशी पेन्सिलीने खूण करा आणि फिरवून पाहा. दुकानदार म्हणेल, “घेणार का नुसते खेळणार ?” त्यालाही दाखवा. माझ्या अनुभवात अशा वेळी दुकानदार स्वतःच खोक्यातून आणखी दोन काढून फिरवू लागतो.

आमची ती जुनी पाणसळ अजून शाळेत खिळ्याला टांगलेली आहे. तिच्यावर एका विद्यार्थिनीने चिठ्ठी चिकटवली आहे : ‘भोकाची बाजू मीटरला ३ मि.मी. खाली असताना बुडबुडा मधोमध येतो.’